वाचकांचे प्रश्न : दान आलेल्या वस्तूंचा भाव

या महिन्यातील बहुतेक पत्रे एकाच विषयावर आली आहेत : लोकांनी दान दिलेल्या वापरलेल्या वस्तू विकून संस्थेचे काम चालवायचे असेल, तर त्या वस्तूंची किंमत कोणत्या हिशेबाने ठरवावी? पत्रे संक्षिप्त करून घेतली आहेत.

प्रश्न : आमचा न्यास गरजू रुग्णांच्या डायलिसिसचा खर्च उचलतो. त्यासाठी आम्ही देणगीत आलेले कपडे, भांडी, पुस्तके आणि लहानसहान उपकरणे विकण्याचे दुकान सुरू केले आहे. किमतीवरून कार्यकारिणीत दोन तट पडले आहेत. आसपासच्या घरकाम करणाऱ्या महिलांना परवडेल असाच भाव ठेवावा, असे काही जण म्हणतात. रुग्णांसाठी जितके जास्त पैसे उभे राहतील तितके करावेत, असे इतरांचे म्हणणे आहे. कोणता मार्ग धरावा? (एक कार्यकर्ती, कोथरूड)

उत्तर : सगळ्या मालाला एकच धोरण लावायला गेल्यामुळे हा वाद अडून बसला आहे. व्यापारी आपल्या खरेदीच्या भावावर खर्च आणि नफा चढवून विक्रीची किंमत काढतो. तुमच्याकडे खरेदीचा भावच नाही. त्यामुळे बैठकीत ज्याचा आवाज मोठा, त्याची किंमत लागते. तरीही दोन टोके निश्चित धरता येतात. खालचे टोक म्हणजे ती वस्तू दुकानात न मांडता लगेच काढून टाकली तर जे मिळेल ते : पुस्तकाला रद्दीचा भाव, पितळेच्या पातेल्याला मोडीचा भाव. वरचे टोक म्हणजे तशीच नवी वस्तू तुळशीबागेत किंवा लक्ष्मी रस्त्यावर ज्या किमतीला मिळते ती. आणि वापरलेल्या वस्तूने या टोकापासून चांगलेच अंतर राखले पाहिजे. रोजच्या वापराच्या कपड्याला नव्याच्या एक तृतीयांशाहून अधिक किंमत लावू नये, असे माझे मत आहे, कारण त्याहून वर गेल्यास गिऱ्हाईक थोडे पैसे घालून नवाच कपडा घेते, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

या दोन टोकांच्या मध्ये कुठे थांबायचे, हे मांडणीवरील जागा ठरवते. तीनशे रुपयांची चिठ्ठी लावलेला शर्ट दोन महिने अडकून राहिला आणि त्याच हँगरवरून तेवढ्या काळात शंभर रुपयांचे पाच शर्ट गेले असते, तर त्या चिठ्ठीने रुग्णांचे दोनशे रुपये बुडवले. म्हणून चिठ्ठीवर किमतीबरोबर वस्तू मांडल्याचा आठवडाही दिसला पाहिजे. ब्रिटनमधील अशा दुकानांत चिठ्ठीवर आठवड्याचा क्रमांक किंवा ठरावीक रंग टाकण्याची पद्धत रूढ आहे. आपल्याकडे दर आठवड्याला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला तरी काम भागेल. चार आठवड्यांनी किंमत निम्मी करावी आणि सहा आठवड्यांनी वस्तू मांडणीवरून उतरवावी. अपवाद फक्त हंगामी मालाचा. थंडी संपल्यावर लोक कपाटे आवरतात, त्यामुळे स्वेटर एप्रिलमध्ये येतात. ते पडेल भावाने काढण्यापेक्षा बांधून ठेवून नोव्हेंबरमध्ये मांडावेत. दप्तरे आणि रेनकोट मात्र जूनच्या आधीच बाहेर आले पाहिजेत.

आता तुमच्या दोन गटांविषयी. माल आत येताच त्याची दोन भागांत निवड करावी. सुती साड्या, मुलांचे कपडे, स्टीलचे डबे, दप्तरे, चपला हा नित्य गरजेचा माल. त्याचे भाव कमी आणि ठरलेले असावेत, म्हणजे प्रत्येक डब्यासाठी बैठक घ्यावी लागत नाही. दुसरा भाग म्हणजे ज्याला जाणकार गिऱ्हाईक आहे असा माल : जुने कॅमेरे, चावीची घड्याळे, तांब्यापितळेची जड भांडी, आज छापली न जाणारी पुस्तके, खऱ्या जरीच्या साड्या. येथे संकोच न करता बाजारभाव घ्यावा. खऱ्या जरीत चांदी असते आणि केवळ त्यासाठी जुन्या साड्या विकत घेणारे लोक पुण्यात आहेत, हे ठाऊक नसल्याने विरलेला शालू ‘फाटका’ म्हणून चिंध्यांच्या गाठोड्यात जातो. अशा वस्तू ओळखणारी एक तरी व्यक्ती निवडीच्या टेबलाशी असणे हे किमतीच्या कोणत्याही सूत्रापेक्षा अधिक मोलाचे आहे. या दुसऱ्या भागाच्या उत्पन्नामुळेच पहिल्या भागाचे भाव खाली ठेवणे परवडते.

फुकट मात्र देऊ नये. दहा-वीस रुपयांना का होईना, विकत घेणारी बाई चार साड्या उलगडून पाहते, रंग आवडला नाही तर नाकारते; फुकट वाटपात तिला ही मोकळीक मिळत नाही. ज्यांना तेवढेही शक्य नाही, त्यांना संस्थेच्या समाजसेवकांमार्फत कूपन द्यावे आणि ते त्याच गल्ल्यावर चालावे. दारात कोणाच्या मिळकतीची चौकशी करू नये.

विजेच्या वस्तूंसाठी गल्ल्याजवळ प्लग पॉइंट असावा, म्हणजे मिक्सर किंवा इस्त्री चालू करून दाखवता येते. जी तपासता येत नाही ती मोडीच्याच भावाची समजावी. घरगुती प्रेशर कुकरला २०२१ पासून आणि दुचाकीच्या हेल्मेटलाही त्याच वर्षापासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. चिन्ह नसलेला कुकर स्वस्त करून खपवण्याच्या फंदात पडू नये, आणि वापरलेले हेल्मेट तर चिन्ह असले तरी विकू नये, कारण आतून त्याला तडा गेला आहे की नाही हे बाहेरून कळत नाही.

दुकानाचे हिशेब न्यासाच्या इतर हिशेबांपासून वेगळे ठेवणे आयकराच्या दृष्टीनेही आवश्यक आहे. महाराष्ट्रात केवळ वस्तू विकणाऱ्याला वर्षाला ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत सामान्यतः जीएसटीची नोंदणी लागत नाही. परंतु उलाढाल मोजताना एकटे दुकान न धरता संपूर्ण न्यास धरला जातो, हे आपल्या सनदी लेखापालांकडून तपासून घ्यावे.

प्रश्न : मी जेमतेम वर्षभर वापरलेला, चांगल्या कंपनीचा मिक्सर एका संस्थेच्या दुकानाला दिला. पुढच्या आठवड्यात तो चारशे रुपयांना मांडलेला दिसला. माझ्याकडे साडेचार हजारांचे बिल आहे. हा देणाऱ्याचा अपमान नाही का? शिवाय पावती मागितली, तर करसवलतीची पावती मिळणार नाही, असे सांगण्यात आले. (एक वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : अपमान नाही, मात्र चारशे ही किंमत मलाही कमी वाटते. चालू स्थितीतील, सर्व भांड्यांसह असलेला मिक्सर हजार-बाराशेला सहज गेला असता. कार्यकर्त्यांनी बहुधा तो चालवून पाहिला नसावा. आपण मिक्सरबरोबर बिलाची प्रत दिली असती, तर त्यांना योग्य किंमत लावता आली असती आणि घेणाऱ्याचाही विश्वास बसला असता. देणगीदारांनी ही सवय लावून घ्यावी. मात्र एकदा वस्तू दिल्यावर तिच्या भावावर देणाऱ्याचा हक्क उरत नाही. आपण मूळ किंमत आठवतो, घेणारा उरलेले आयुष्य मोजतो.

पावतीविषयी संस्थेचे म्हणणे बरोबर आहे. ८०जी या नावाने ओळखली जाणारी आयकर सवलत फक्त पैशांच्या देणगीला मिळते, वस्तुरूपाने दिलेल्या दानाला मिळत नाही. वस्तू मिळाल्याची साधी पोच मात्र संस्थेने अवश्य द्यावी.

प्रश्न : मुलाकडे इंग्लंडला गेलो असताना तेथील चॅरिटी शॉप पाहिली. फुकट मिळालेल्या मालाचे भाव पाहून आश्चर्य वाटले. काही कपडे तर स्वस्त दुकानातील नव्या कपड्यांहून महाग होते. यात धर्म कुठे राहिला? (एक ज्येष्ठ वाचक, औंध)

उत्तर : आपली तक्रार तेथील लोकही करतात. परंतु त्या दुकानांचा हेतू आरंभापासूनच निधी उभारण्याचा आहे. १९४२ मध्ये ऑक्सफर्डला दुष्काळ निवारणासाठी जी समिती स्थापन झाली, तीच पुढे ऑक्सफॅम झाली; त्याच दशकाच्या अखेरीस ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर तिचे दुकान उघडले, तेव्हाही दान आलेल्या वस्तू विकून पैसा दूरच्या संकटग्रस्तांकडे पाठवायचा, हाच विचार होता. दारात येणारे गिऱ्हाईक गरीब असावे, अशी अटच नव्हती.

कायद्यानेही त्यांना बराच हात दिला आहे. दान आलेल्या वस्तूंच्या विक्रीवर तेथे मूल्यवर्धित कराचा दर शून्य आहे, इंग्लंडमध्ये दुकानाच्या जागेवरील स्थानिक करात ८० टक्के सूट मिळते, आणि देणारी व्यक्ती करदाती असून तिने संमती दिलेली असेल, तर विक्रीतून आलेल्या प्रत्येक पौंडामागे संस्थेला सरकारकडून आणखी २५ पेन्स मिळतात. या शेवटच्या सवलतीत संस्था कायद्याच्या दृष्टीने देणाऱ्याच्या वतीने वस्तू विकते आणि मग तो पैसा देणगी म्हणून स्वीकारते. दुकानात विनामोबदला काम करणारे पुष्कळ असले, तरी भाडे, वीज आणि व्यवस्थापकाचा पगार चुकत नाही.

भाव चढण्याचे आणखी एक कारण इंटरनेटवर आहे. कार्यकर्ते तशीच वस्तू शोधतात आणि दिसेल ती किंमत लिहितात. इंटरनेटवर दिसते ती मागणाऱ्याची अपेक्षा असते. वस्तू प्रत्यक्षात कितीला गेली, हा आकडा वेगळा आणि बहुधा लहान असतो. आपल्याकडे ओएलएक्स पाहून भाव लावणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. शिवाय पुण्यात रद्दीवाला दाराशी येतो, बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडे देते, धातूला मोड मिळते. म्हणजे ज्याचे चार पैसे येतात असा माल दानापर्यंत पोचण्यापूर्वीच घरोघरी वेगळा निघालेला असतो. उरलेल्या मालाला इंग्लंडचे भाव लावले, तर दुकानाचे गोदाम होईल.

प्रश्न : आमच्या दुकानात सकाळी उघडताक्षणी दोन-तीन विक्रेते येतात, चांगल्या वस्तू उचलतात आणि जुन्या बाजारात दुपटीने विकतात. त्यांना मनाई करावी का? (एक विश्वस्त, धनकवडी)

उत्तर : करू नये. बुधवारी आणि रविवारी मंगळवार पेठेत जुन्या बाजारात बसणारा माणूस वस्तू धुतो, दुरुस्त करतो, उन्हात मांडून बसतो आणि न खपलेला माल परत नेतो. वरचे पैसे त्या श्रमांचे आणि जोखमीचे आहेत. आपल्याला त्याच्याकडून फुकट सल्ला मिळतो आहे. तो ज्या प्रकारच्या वस्तूवर पहिला हात टाकतो, तिची किंमत आपण कमी लावली आहे, एवढे समजून पुढच्या वेळी ती वाढवावी. तो ज्याकडे ढुंकूनही पाहत नाही, तेथे कदाचित आपलाच अंदाज चढा असेल. गरजेच्या मालाची गोष्ट वेगळी. दप्तरे, गणवेश, भांडी यांवर माणशी दोन नगांची मर्यादा घालावी आणि ती सर्वांना सारखी लागू करावी.

घासाघीस चालू ठेवली, तर माणूस पाहून भाव सांगितला जातो आणि त्यात बोलता न येणारे गिऱ्हाईक नागवले जाते. म्हणून चिठ्ठीवरील किंमत तीच किंमत. आपण विचारले नाही, तरी एक गोष्ट सांगतो, कारण अशा दुकानांत मनोमालिन्य मुख्यतः तिच्यावरूनच होते : कार्यकर्त्यांची स्वतःची खरेदी. स्वतः किंमत लावलेली वस्तू स्वतः घेऊ नये आणि कोणतीही वस्तू किमान एक दिवस लोकांसाठी मांडल्याशिवाय आतल्या आत उचलू नये, हा नियम लिहून भिंतीवर लावावा.

प्रश्न : एका जुन्या वाड्यातून दान आलेल्या सामानात हस्तलिखित वाटणारी पोथी, पितळी मूर्ती आणि समया आल्या आहेत. यांची किंमत कोणाकडून करून घ्यावी? (एक कार्यकर्ता, शनिवार पेठ)

उत्तर : किंमत करण्याआधी वय पाहावे. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ प्रमाणे मूर्ती, नाणी, धातुकाम अशा १०० वर्षांहून जुन्या वस्तू, तसेच शास्त्रीय, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेली ७५ वर्षांहून जुनी हस्तलिखिते पुरावस्तू ठरतात आणि त्यांच्या विक्रीच्या व्यवसायाला परवाना लागतो. म्हणून शंका असलेली वस्तू मांडणीवर ठेवूच नये.

पोथी आधी बारकाईने पाहावी. सुट्या आडव्या पानांच्या जुन्या शिळाप्रती, म्हणजे दगडावरून छापलेल्या पोथ्या, पुष्कळदा हस्तलिखित समजल्या जातात. ती खरोखर हाताने लिहिलेली दिसली, तर भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था येथील जाणकारांना दाखवावी. मूर्तीच्या वयाविषयी शंका असल्यास पुरातत्त्व खात्याकडे विचारणा करावी. अलीकडच्या समयांना वजनाप्रमाणे मोडीचा भाव हा तळ धरून त्यावर घडणावळीचे पैसे चढवावेत; कसबा पेठेतील तांबट आळीत एखाद्या कारागिराला दाखवल्यास घडण हाताची आहे की साच्याची, हे तो सांगू शकेल. आणि ज्या कुटुंबाने हे सामान दिले, त्यांना यात पोथी आणि मूर्ती निघाल्याचे लगेच कळवावे. वाडा रिकामा करण्याच्या घाईत त्या पेटीत काय होते हे त्यांनी पाहिलेही नसेल, आणि देवघरातील मूर्ती त्यांना परत हव्या असतील, तर त्या विनामूल्य परत द्याव्यात.