घाट म्हणजे डोंगर नव्हे

प्रश्न : नातीच्या भूगोलाच्या पुस्तकात सह्याद्रीला ‘पश्चिम घाट’ म्हटलंय. आम्ही आंबा घाटाला घाट म्हणतो, नाहीतर नदीकाठच्या पायऱ्यांना. मग खरा घाट कोणता?
– एक वाचक, साखरपा

उत्तर : तुमचाच. पुस्तकातला घाट समुद्रावरून आलेला आहे.

संस्कृतात ‘घट्ट’ म्हणजे पाण्यात उतरायची जागा, पायऱ्यांचा धक्का. प्राकृतातून येत त्याचा झाला घाट. कोकणात उतरायची वाटही मग घाटच. युरोपीय लोक आले किनाऱ्याकडून. ज्या वाटांनी वर चढायचं त्यांचं नाव कानावर पडलं आणि त्यांनी ते अख्ख्या रांगेला चिकटवलं. तापीपासून कन्याकुमारीपर्यंत, सुमारे १६०० किलोमीटर! दिंडीदरवाज्याच्या नावाने वाडा ओळखावा, तसं. आपल्याकडे डोंगर तो सह्याद्री, आणि त्यातून जाणारे बोर, थळ, कुंभार्ली, आंबा हे घाट.

घट्टाला आणखी एक चिकटलेली गोष्ट म्हणजे जकात. माल उतरणार तिथे वसुली आलीच. संस्कृतात ‘घट्टकुटीप्रभात’ नावाचा न्याय आहे. जकात चुकवायला एक व्यापारी रात्रभर आडवाटांनी भटकतो आणि उजाडतं तेव्हा नेमका जकातनाक्याच्या झोपडीपुढेच उभा असतो. (टोल चुकवायला गल्लीबोळांत शिरणाऱ्यांनी वाचावं.) नाणेघाटाच्या माथ्यावर दगडी रांजण आहे, तो जकातीच्या नाण्यांचा असं सांगतात. कल्याणहून जुन्नरला जाणारी ही सातवाहनांच्या काळातली वाट. वैशाखऱ्याहून मी ती पहिल्यांदा चढलो तो नेमका श्रावणात. वरच्या टप्प्यात दगडी पायऱ्या आहेत आणि त्यांवरून घोटाभर पाणी खळाळत खाली येत होतं. बूट हातात धरून चढताना डोंगरातला घाट कुठला नि नदीचा कुठला, सांगता आलं नसतं.

‘लग्नाचा घाट घालणे’ यातला घाट मात्र निराळा. तो ‘घडणे’च्या घरातला, मडक्याच्या घाटासारखा.

नातीला एक गंमत सांगा. सह्याद्रीच्या काळ्या खडकाला भूगर्भशास्त्रात ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. त्यातला ट्रॅप म्हणजे सापळा नव्हे. तो स्वीडिश ‘ट्रापा’वरून आला. लाव्हाचे थर एकावर एक बसून कड्यांना जे टप्पे पडले, त्यांवरून ते नाव. ट्रापा म्हणजे जिना.