लस, लसीका आणि ‘सापाची लस’

चोपडा तालुक्यातल्या एका विज्ञान शिक्षिकेचा प्रश्न आहे. सहामाहीच्या पेपरात त्यांना दोन उत्तरं सापडली. एक: ‘लस शरीरातून वाहत वाहत शेवटी रक्ताला मिळते.’ दुसरं: ‘साप चावल्यास रुग्णाला ताबडतोब लस टोचावी.’ पहिल्या मुलाला लसीका, म्हणजे शरीरातल्या बारीक नळ्यांतून वाहणारा द्रव, म्हणायचं होतं, हे उघड आहे. बाई विचारतात, लस आणि लसीका मुळात एकच शब्द आहे का, आणि या दोन उत्तरांचे गुण द्यायचे की कापायचे?

शब्द सख्खे आहेत, पदार्थ वेगळे. पहिल्या उत्तरात चुकला आहे तो फक्त शब्द. दुसऱ्यात विज्ञान चुकलं आहे. गंमत अशी की जुन्या मराठीच्या हिशेबाने दुसऱ्याचाही शब्द अगदीच परका ठरत नाही. म्हणून जरा मुळापासून बघू.

टोचायची लस येण्याच्या आधीपासून मराठीत लस होती. ती बाटलीत नव्हती, जखमेवर होती. खरचटलेल्या गुडघ्यावर किंवा फुटलेल्या फोडावर रक्त थांबल्यानंतर जे पातळ, फिकट पिवळसर, बोटाला किंचित चिकटणारं पाणी येतं, ती लस. पू वेगळा. तो दाट असतो, त्याला वास येतो, आणि त्यात मेलेल्या पांढऱ्या पेशी आणि जिवाणू भरलेले असतात. घरातली म्हातारी माणसं हा फरक चोख करतात. ‘अजून लस येतेय’ म्हणजे जखम ओली आहे, उघडी ठेवू नका. ‘पू धरला’ म्हणजे दवाखाना गाठा. झाडाच्या स्रावाला मात्र आपण लस म्हणत नाही. रावेर-यावलकडे केळीचा घड कापताना कपड्यांवर पडतो आणि धुऊन जात नाही, तो चीक.

संस्कृतात हाच शब्द लसीका असा आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात शरीरातल्या पाण्याचा हिशेब येतो. त्यात कातडीच्या आत, व्रणात दिसणारं पाणी ते लसीका आणि उष्णतेने रोमरंध्रांतून बाहेर पडणारं ते स्वेद, असं सांगितलं आहे. म्हणजे तिथेही अर्थ जखमेचाच. सध्या छापील मजकुरात ‘लसिका’ आणि ‘लसीका’ दोन्ही दिसतात. संस्कृत रूप दीर्घ आहे, म्हणून इथे दीर्घच लिहिलं आहे.

मग जखमेचं पाणी रोग टाळणाऱ्या औषधाचं नाव कसं झालं? कारण ते औषध सुरुवातीला खरोखरच फोडाचं पाणी होतं. 14 मे 1796 रोजी एडवर्ड जेन्नर या इंग्रज डॉक्टरने देवीचा रोग टाळण्यासाठी सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावर गाईच्या देवीचा जो फोड आला होता, त्यातला द्रव घेतला आणि आठ वर्षांच्या जेम्स फिप्सच्या दंडावर ओरखडे काढून त्यात घातला. इंग्रज डॉक्टर त्या द्रवाला ‘लिम्फ’ म्हणत. हाच शब्द आज शरीरशास्त्रात लसीकेसाठी आहे, म्हणजे हा घोळ फक्त मराठीचा नाही. शीतपेट्या नव्हत्या, त्यामुळे तो द्रव दोऱ्याला लावून वाळवत आणि काचांमध्ये मेणाने बंद करून पाठवत, नाहीतर चक्क दंडावरून दंडावर नेत. टोचल्यावर साधारण आठव्या दिवशी फोड टपोरा भरतो. तो फोडून त्यातली लस काढायची आणि पुढच्या मुलाला लावायची. बगदाद-बसऱ्याच्या वाटेने अशी साखळी करत ती मुंबईला पोचली आणि 14 जून 1802 रोजी तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉलला टोचली गेली. हिंदुस्थानातलं हे पहिलं लसीकरण. पुढच्या मुलांना लागली ती तिच्या दंडावरची लस. बघणाऱ्या मराठी माणसाला दुसरा कुठला शब्द सुचणार होता? दंडावर फोड, फोडात लस, तीच पुढे टोचायची.

शेजारच्या भाषांनी काय केलं तेही बघण्यासारखं आहे. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. फलाटाच्या त्या टोकाला लसीला ‘रसी’ म्हणतात, आणि गुजरातीत पुवालाही रसीच म्हणतात. कन्नडात लस म्हणजे ‘लसिके’. हिंदीने वेगळी वाट धरली: ‘टीका’. तिथे नाव पडलं ते कातडीवरच्या ठिपक्यावरून, मराठी-गुजरातीत फोडातल्या ओलीवरून. आपल्याकडे जुन्या लोकांच्या तोंडी ‘देवी काढणे’ असाही प्रयोग आहे. 1980 मध्ये जगातून देवी गेल्याचं जाहीर झालं आणि तो प्रयोगही हळूहळू मागे पडला.

इंग्रजी ‘व्हॅक्सिन’मध्ये लॅटिन गाय आहे, ‘व्हाक्का’. तो शब्द फक्त देवीपुरता होता. 1881 मध्ये लुई पाश्चरने जेन्नरच्या सन्मानार्थ तो सगळ्याच रोगांच्या लसींना लावावा असं सुचवलं. तिकडे गाय मागे राहिली, इकडे लशीतली ओल. जाता जाता: 2022 मध्ये जळगाव जिल्ह्यात गुरांना लम्पी झाला तेव्हा गाईबैलांना टोचली ती शेळ्यांच्या देवीची लस. जेन्नरने गाईचा रोग माणसाच्या कामी लावला होता, इथे शेळीचा रोग गाईच्या कामी आला. तत्त्व तेच: जवळच्या नात्यातला सौम्य विषाणू दाखवून शरीराला तयार करायचं.

आता पहिल्या मुलाकडे येऊ. केशवाहिन्यांच्या, म्हणजे केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांच्या, भिंतींतून दिवसाला सुमारे 20 लिटर द्रव पेशींच्या मधल्या जागेत झिरपतो. त्यातला 17 लिटरच्या आसपास तिथूनच परत रक्तात जातो. उरलेला 3 लिटर ज्या बारीक नळ्यांत शिरतो त्या लसीकावाहिन्या, आणि आतला द्रव लसीका. या नळ्यांना हृदयासारखा पंप नाही. स्नायू आवळले की द्रव पुढे सरकतो आणि आतल्या झडपा त्याला मागे येऊ देत नाहीत. म्हणून दिवसभर पाय लोंबकळत ठेवून बसलं की घोटे सुजतात. शेवटी हा द्रव गळपट्टीच्या हाडामागच्या मोठ्या शिरांत उतरतो. तेव्हा मुलाने लिहिलेलं ‘वाहत वाहत शेवटी रक्ताला मिळते’ अक्षरशः बरोबर आहे.

या वाटेवर सुमारे 600 लसीकाग्रंथी चौकीसारख्या बसलेल्या आहेत. वर्गात हे शिकवताना एक मराठी शब्द हाताशी ठेवावा: अवधाण. कपाशीच्या वावरात तळपायात काटा मोडला, तो तसाच राहिला, की दोन दिवसांनी जांघेत सुपारीएवढी दुखरी गाठ येते. दुखणं पायात आणि गाठ जांघेत कशी, असा प्रश्न मुलं हमखास विचारतात. पायातली लसीका जिवाणू घेऊन वर चढते, जांघेतल्या ग्रंथीत अडवली जाते, तिथे पांढऱ्या पेशींची संख्या भराभर वाढते आणि ग्रंथी फुगते. हाताला जखम असेल तर अवधाण काखेत. गाठ चोळायची नाही, शेकून दाबायची नाही, काटा शोधायचा. पुस्तकातली ‘लसीकाग्रंथी’ आणि आजीचं ‘अवधाण’ ही एकाच ठिकाणची गोष्ट आहे, हे एकदा फळ्यावर लिहिलं की पुन्हा घोकून घ्यावं लागत नाही.

तिन्ही अर्थ एकत्र बघायचे असतील तर बीसीजी ही क्षयाची लस टोचलेल्या तान्ह्या बाळाचा डावा दंड बघा. जन्मल्यावर 0.05 मिली लस कातडीखाली नाही, कातडीतच टोचतात. त्या वेळी लहानसा फुगवटा उठतो आणि जिरतो. दोन-तीन आठवड्यांनी तिथे बारीक गाठ येते, पाचव्या आठवड्यापर्यंत ती 4 ते 8 मिलिमीटरची होते, मग फुटते आणि तिच्यातून लस येते. कधी डाव्या काखेतली लसीकाग्रंथीही थोडी फुगते. सहा ते बारा आठवड्यांत सगळं वाळून खूण राहते. म्हणजे लस दिली, तिथून लस आली आणि लसीकाग्रंथी सुजली, तेही एकाच हातावर. बाळाची आई घाबरून हळद, मलम, शेक सुरू करते. यातलं काहीच करायचं नसतं, पिळायचं तर मुळीच नाही. दीड महिन्याला पेंटाव्हॅलंट ही पाच रोगांवरची एकत्र लस मांडीत टोचल्यावर रात्री ‘पोर्‍याले ताप ऊना’ म्हणून धावपळ होते ती वेगळी. तो ताप एक-दोन दिवसांचा असतो.

दुसरं उत्तर जास्त गंभीर आहे. ‘सापाची लस’ आपल्याकडे सगळेच म्हणतात, वर्तमानपत्रं तर ‘सर्पदंश प्रतिबंधक लस’ असंही छापतात. त्यात प्रतिबंध कशाचा? चावा आधीच झालेला असतो. लस म्हणजे शरीराला शत्रूची ओळख करून देणं. मग शरीर स्वतः प्रतिपिंडं (त्या शत्रूला निकामी करणारी प्रथिनं, अँटीबॉडी) बनवतं, त्याला दिवस-आठवडे लागतात, पण आठवण टिकते. सापाच्या विषाला तेवढा वेळ नसतो. म्हणून तयार प्रतिपिंडं बाहेरून द्यावी लागतात. घोड्याला विषाचे अगदी लहान, हळूहळू वाढवलेले डोस टोचतात, त्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार झाली की रक्तातला द्रव वेगळा काढून शुद्ध करतात. लस घोड्याला मिळाली. माणसाला मिळालं ते प्रतिविष.

आणि इथेच जुना अर्थ पुन्हा डोकावतो. रक्त नळीत गोठू दिलं की गुठळीवर फिकट पिवळं पाणी सुटतं, त्याला डॉक्टर सीरम म्हणतात. दिसायला ती जखमेवरची लसच. त्या अर्थाने घोड्याच्या रक्तातून काढलेल्या द्रवाला कुणी लस म्हटलं तर भाषेच्या अंगाने त्याला दोष देता येत नाही. पण आज लस म्हटलं की डोक्यात येतं ते पोलिओ आणि गोवर, आणि मग लशीचे नियम सापाला लावले जातात. ‘मागच्या वर्षी सापाची लस घेतलीय, आता काळजी नाही’ हा त्यातला एक घातक समज. घोड्याची प्रतिपिंडं काही आठवड्यांत संपतात. दुसरा: ‘लहान पोर आहे, अर्धाच डोस द्या.’ साप पोर बघून विष कमी सोडत नाही, म्हणून मुलाला मोठ्या माणसाइतकंच प्रतिविष लागतं. तिसरा: चावलं की लगेच टोचून मोकळं व्हायचं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर एकच मिश्र प्रतिविष आहे, आणि ते विषबाधेची लक्षणं दिसल्यावरच देतात. त्यासाठी कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत रक्त घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही तर घोणस किंवा फुरशाचं विष चढलं आहे. मण्यार-नागाच्या विषात रक्त गोठतं, पण पापण्या जड होतात. मग साधारण 10 कुप्यांपासून सुरुवात, सलाईनमधून, शिरेतून, तासाभरात. घोड्याची प्रथिनं असल्यामुळे अंगावर गांधी उठणं, रक्तदाब पडणं असा त्रास होऊ शकतो, म्हणून ॲड्रेनलिन भरून शेजारी ठेवलेलं असतं. हे गल्लीतल्या टेबलावर ‘टोचण्याचं’ काम नाही.

मुलांना फरक पटवायला कुत्र्याचा चावा जास्त सोयीचा, कारण तिथे दोन्ही लागतात. खोल, रक्त आलेल्या चाव्यात जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुतात, जखमेत आणि भोवती तयार प्रतिपिंडं भरतात (मानवी असतील तर वजनाच्या दर किलोला 20 एकक, घोड्याची असतील तर 40) आणि दंडावर लसही सुरू करतात, कातडीत द्यायची असेल तर 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी. पहिल्या लशीनंतर सात दिवस उलटले तर प्रतिपिंडं देत नाहीत, कारण तोवर शरीराची स्वतःची तयार व्हायला लागलेली असतात.

ओघात ‘लशीचा’ की ‘लसीचा’ हेही येतंच. म्हैस–म्हशी, घूस–घुशी, कूस–कुशी या चालीने लस–लशी. अस्सल मराठी स्त्रीलिंगी शब्दाचा स ‘ई’पुढे श होतो. ‘लसीचा’ आता इतका रुळलाय की त्याला चूक म्हणण्यात अर्थ नाही (वरच्या मजकुरातही दोन्ही आलेत), पण कानाला ‘लशीचा’ घरचा वाटतो. लसीकरण मात्र संस्कृत साच्यातलं, शुद्धीकरणासारखं, म्हणून तिथे दीर्घ सी आणि स कायम. क्रियापद औषध पोचवण्याच्या वाटेवरून ठरतं: बीसीजी टोचतात, पोलिओ आणि रोटाव्हायरसचे थेंब पाजतात.

प्रतिजन, प्रतिपिंड, प्रतिजैविक यांतही पोरं अडखळतात. प्रतिजनातला ‘जन’ जनकाचा आहे: प्रतिपिंडं जन्माला घालणारा. प्रतिजैविक जिवाणूंवर चालतं, विषाणूंवर नाही. एवढं पुरे.

गुणांचं म्हणाल तर पहिल्याला पूर्ण द्यावेत आणि ‘लस’वर लाल रेघ मारून ‘लसीका’ लिहावं. दुसऱ्यात ‘लस’ही चुकली आणि ‘टोचावी’ही. ‘ताबडतोब दवाखान्यात न्यावं’ असं लिहिलं असतं तर अर्धा गुण देता आला असता.