लॅपटॉप बिघडलाय का?

प्रश्न: प्रोजेक्टसाठी लिनक्सचा छोटा ड्रायव्हर लिहिलाय. प्रोग्रामने दिलेला पॉइंटर (मेमरीतला पत्ता) मी ड्रायव्हरमध्ये थेट वाचते. लॅबच्या जुन्या पीसीवर बिनघोर चालतं, माझ्या नव्या लॅपटॉपवर मात्र ‘ऊप्स’ (कर्नलमधली चूक दाखवणारा संदेश) येतो. लॅपटॉप बिघडलाय का?
— एक विद्यार्थिनी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: लॅपटॉप ठणठणीत आहे, जुना पीसीच तुमचे जास्त लाड करत होता. 2014 च्या ब्रॉडवेल पिढीपासून इंटेलच्या प्रोसेसरांत ‘स्मॅप’ नावाचं संरक्षण आलं. कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने, तुमचा ड्रायव्हरही त्यातच चालतो) यूजरची, म्हणजे साध्या प्रोग्रामची, मेमरी परवानगीशिवाय वाचली, की प्रोसेसर तिथंच अडवतो. थेट वाचण्याऐवजी ‘कॉपी_फ्रॉम_यूजर’ हे फंक्शन वापरा. पत्ता यूजरच्या हद्दीतला आहे का हे ते बघतं आणि स्मॅपचं दार तेवढ्यापुरतंच उघडतं. ते एरर कोड देत नाही, कॉपी न झालेल्या बाइटांची संख्या देतं (इथं पुष्कळजण घसरतात). शून्याखेरीज काही आलं, तर तुम्हीच ‘उणे ईफॉल्ट’ (चुकीच्या पत्त्याचा एरर कोड) परत करायचं.

प्रोग्रामने दिलेल्या डेटाची लांबी तपासायला एकदा आणि वापरायला पुन्हा, अशी दोनदा यूजरच्या मेमरीतून आणू नका. मधल्या वेळात प्रोग्रामचा दुसरा थ्रेड (समांतर चालणारा भाग) ती बदलेल. वजन एका पैलवानाचं आणि आखाड्यात उतरला भलताच, तसला प्रकार! आणि स्पिनलॉक (वाट बघणाऱ्याला जागीच फिरवत ठेवणारं कुलूप) धरून कॉपी_फ्रॉम_यूजर बोलावू नका. मेमरीचं पान डिस्कवरून यायचं असेल तर हे फंक्शन झोपतं, म्हणजे थांबून राहतं, आणि स्पिनलॉक धरून झोपायचं नसतं.