मॅडम, हे ४१ कुठून आले?

प्रश्न : मी पदवीच्या विद्यार्थ्यांना संगणक सुरक्षा शिकवतो. मुलं व्याख्या घडाघडा म्हणतात, पण कोड लिहिताना त्याच चुका करतात. लॅबमध्ये प्रत्यक्ष हल्ला करायला द्यावा म्हटलं, तर सहकारी म्हणतात, हे माकडाच्या हाती कोलीत देणं आहे. काय करू?

उत्तर : सर, जरूर द्या. मी बरीच वर्षं हा विषय शिकवते आहे, आणि बफर ओव्हरफ्लो (नेमून दिलेल्या जागेपेक्षा जास्त मजकूर शेजारच्या मेमरीत सांडणं) निव्वळ फळ्यावरून कुणाला उमगलेला मला आठवत नाही.

मी सी भाषेतला ३२ बिटांचा छोटा प्रोग्राम देते. तो नाव विचारतो आणि लांबी न तपासता १६ अक्षरांच्या ॲरेत, म्हणजे ठरावीक लांबीच्या जागेत, भरतो. कंपाइल करताना स्टॅकचं, म्हणजे फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीचं, संरक्षण बंद. मुलं नावाच्या जागी शंभर वेळा कॅपिटल 'ए' टाकतात, प्रोग्राम कोसळतो. डीबगरमध्ये (प्रोग्राम आतून तपासायच्या साधनात) पुढच्या सूचनेचा पत्ता पाहिला तर ४१४१४१४१. कुणीतरी विचारतंच, "मॅडम, हे ४१ कुठून आले?" मी उत्तर देत नाही, आस्कीचा, म्हणजे अक्षरांच्या सांकेतिक आकड्यांचा, तक्ता पुढे सरकवते. 'ए'चा हेक्स (१६ पायाचा) कोड ४१. आपलीच अक्षरं परतीच्या पत्त्यावर (फंक्शन संपल्यावर कुठे परतायचं, त्या नोंदीवर) जाऊन बसलीत, हे कळताच पोरं खुर्ची पुढे ओढतात.

१९८८चा मॉरिस वर्म (इंटरनेटवर आपोआप पसरलेला प्रोग्राम) वापरकर्त्यांची माहिती देणाऱ्या 'फिंगर' सेवेत शिरला तो याच चुकीतून, आणि ती चूक घडवणारं, लांबी न पाहता मजकूर वाचणारं 'गेट्स' फंक्शन सीच्या २०११च्या प्रमाणातून काढून टाकलं गेलं, हे त्यानंतर सांगा. आधी सांगितलं तर ती नुसती सनावळी होते. मग त्याच तासात लांबीची मर्यादा पाळणारं 'एफगेट्स' लावून पुन्हा शंभर 'ए' टाकायला लावा. दुरुस्ती झाल्याशिवाय प्रॅक्टिकलवर सही नाही.

सहकाऱ्यांची भीती मात्र रास्त आहे. सगळं व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकातल्या आभासी संगणकात), होस्ट-ओन्ली नेटवर्कवर (त्याच संगणकापुरत्या जोडणीवर) करा, इंटरनेट बंद. आधी स्नॅपशॉट (मशीनच्या त्या वेळच्या स्थितीची प्रत) घेतला की बिघडलेलं मशीन लगेच पूर्ववत होतं. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेला हात लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्या. तयार प्रॅक्टिकल्स हवी असतील तर सिराक्यूज विद्यापीठात सुरू झालेल्या 'सीड लॅब्ज' मोफत मिळतात.

स्क्रीनशॉट पाहून गुण देऊ नका, ते वर्गभर फिरतात. प्रत्येकाला ॲरेची लांबी वेगळी द्या आणि फसलेले प्रयत्नही वहीत मागा. १६च्या ॲरेत १८ अक्षरं घालूनही प्रोग्राम का कोसळला नाही, हे ज्याला सांगता येईल, त्याला मी पूर्ण गुण देते.