लाखाचा हप्ता, की पलंगाखालचा कॉम्प्युटर?

प्रश्न : आम्ही विक्रोळीला कन्नमवार नगरात राहतो. मी शाळेत शिकवते, हे खासगी कंपनीत आहेत. दोघांचे मिळून ९२ हजार हातात येतात, घरखर्च ६८ हजार, एसआयपी १२ हजार. बँकेत तीन लाखांची मुदत ठेव आहे. मुलगी पुढच्या वर्षी बारावीला. इमारत पुनर्विकासाला चालली आहे, वर्षभरात भाड्याच्या घरात जावं लागेल. ह्यांना होम थिएटर घ्यायचं आहे. ५५ इंची टीव्ही, साउंडबार आणि मीडिया प्लेअर मिळून दुकानदाराने १,२०,००० सांगितले आहेत, बारा महिने १०,००० चा नो-कॉस्ट हप्ता. सध्याचा टीव्ही ४३ इंची, फुल एचडी, चार वर्षांचा, चालू आहे. मुलगा म्हणतो, २०१७ चा आपला कॉम्प्युटर पलंगाखाली पडून आहे, त्यावर कोडी नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाकतो, वेगळं काही घ्यायला नको. हे म्हणतात, फुकट ते शेवटी महाग पडतं. सासऱ्यांनी काढलेल्या घरच्या व्हिडिओंच्या साठ-सत्तर डीव्हीडी आहेत, त्याही बघायच्या आहेत. हप्ता घ्यावा, ठेव मोडावी, की मुलाचं ऐकावं?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातली सर्वात मोलाची गोष्ट तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिली आहे. त्या डीव्हीडी. त्यांच्याकडे येतोच, पण आधी हप्त्याचं बोलू, कारण तो निर्णय सोपा आहे.

९२ हजारांतून ६८ आणि १२ गेले की १२ हजार उरतात. त्यातले १० हजार वर्षभर हप्त्यात अडकले तर महिन्याला हातात दोन हजार. मुलीचं बारावीचं वर्ष आणि घर बदलण्याचं वर्ष एकच आहे. भाडं बिल्डर देणार असला तरी नव्या घरमालकाचं डिपॉझिट बऱ्याचदा आधी आपल्या खिशातून भरावं लागतं. टेम्पोचं भाडं, क्लासची फी, एखादं आजारपण, यातलं काहीही दोन हजारांत बसत नाही. मग क्रेडिट कार्डाचं बिल थकतं आणि त्यावर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज चढतं. हप्ता नको म्हणायला मला एवढं कारण पुरेसं आहे.

शिवाय ‘नो-कॉस्ट’ या शब्दावर जाऊ नका. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं आहे. बहुतेक वेळा होतं असं, की दुकानदार किंवा कंपनी तेवढी सूट बँकेच्या व्याजापोटी देते आणि तुम्हाला छापील किमतीचे बारा तुकडे दिसतात. बँकेचा दर १५ टक्के धरला तर तुमच्या हप्त्यांत सुमारे ९,२०० रुपये व्याजाचे आहेत. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साडेसोळाशेच्या आसपास, तुमच्याकडूनच जातो. प्रोसेसिंग फी असेल तर ती वेगळी. याचा दुसरा अर्थ असा, की हीच वस्तू रोख घेताना एक लाख दहा-अकरा हजारांना मागायला हरकत नाही. पुढे कधी घ्याल तेव्हा हे लक्षात ठेवा.

मुदत ठेव मोडायचा विचार तर डोक्यातूनच काढा. तीन लाख म्हणजे तुमच्या घरखर्चाचे जेमतेम साडेचार महिने. ती ठेव अडीअडचणीसाठी आहे, आणि अडीअडचणीचं वर्ष समोर दिसतंय.

आता मुलाचं म्हणणं. तो बरोबर आहे, पण अर्धाच. कोडी मोफत आहे, आणि ते आज उगवलेलं नाही. २००२ मध्ये हौशी प्रोग्रामरांनी मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्सवर व्हिडिओ चालवण्यासाठी ते लिहायला घेतलं. पुढे ते साध्या कॉम्प्युटरवर आलं आणि २०१४ मध्ये त्याला कोडी हे नाव मिळालं. ना-नफा संस्था ते सांभाळते. त्याचा सोर्स कोड खुला आहे, म्हणजे कोणीही तो बघू शकतो, बदलू शकतो, पुढे नेऊ शकतो. ‘फुकट ते महाग’ म्हणणाऱ्या तुमच्या यजमानांना मी एक गोष्ट आवर्जून सांगेन. त्याच २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही विंडोजची मीडिया सेंटर आवृत्ती आणली होती, लोकांनी पैसे मोजून ती घेतली. २०१५ मध्ये विंडोज १० आलं आणि मीडिया सेंटर त्यातून काढून टाकलं. कंपनीला एखादी वस्तू नकोशी झाली की ती विषय मिटवते. खुल्या सॉफ्टवेअरचं तसं नसतं. जेलीफिन हे असंच दुसरं सॉफ्टवेअर, घरातल्या एका कॉम्प्युटरवरचे व्हिडिओ मोबाइलवर, टीव्हीवर दाखवणारं. एम्बी नावाच्या प्रकल्पाने २०१८ मध्ये आपला कोड बंद केला, तेव्हा काही जणांनी आधीचा खुला कोड घेऊन जेलीफिन उभं केलं. ज्या घरच्या आठवणी वीस वर्षं टिकायला हव्यात त्यांच्यासाठी मला ही हमी विकतच्या डब्यापेक्षा मोठी वाटते.

मुलाचं चुकतं ते ‘वेगळं काही घ्यायला नको’ यात. सॉफ्टवेअरला पैसे नाहीत, भोवतालच्या गोष्टींना आहेत. माझा अंदाज लिहितो, लॅमिंग्टन रोडला एक फेरी मारून तुम्ही तो पक्का करा. २४० जीबीची एसएसडी, म्हणजे आत बसवायची वेगवान डिस्क, दोन हजार; तिने जुना कॉम्प्युटर चटकन सुरू होईल. दोन टीबीच्या दोन बाहेरच्या हार्ड डिस्क, साडेसहा हजार धरून १३ हजार. बरे टू-पॉइंट-वन स्पीकर, म्हणजे दोन स्पीकर आणि एक वूफर, सहा हजार. छोटा वायरलेस कीबोर्ड हजार, एचडीएमआय केबल चारशे. झाले २२,४००. वर हजार-दोन हजार धरा, कारण २०१७ च्या मशीनचा पंखा साफ करावा लागेल आणि एखादी गोष्ट ऐनवेळी निघतेच. २५ हजारांच्या वर जाऊ लागलं तर थांबा. जे दहा हजार हप्त्यात घालणार होता तेच तीन महिने बाजूला टाकले की हे सगळं रोखीत होतं, आणि चौथ्या महिन्यापासून तुम्ही मोकळ्या.

विजेचाही हिशेब करू, कारण असा कॉम्प्युटर म्हणजे वीज खाणारा राक्षस, अशी एक समजूत आहे. टीव्ही सोडून ६० वॉट धरा. रोज चार तास चालला तर महिन्याला सात युनिट. तुमच्या बिलात युनिट सगळे आकार धरून दहा रुपयांना पडत असेल तर ७० रुपये. पण ‘राहू दे चालू’ म्हणून रात्रंदिवस ठेवला तर तोच ४३ युनिटवर जातो. एखाद्या महिन्यात तुमचा वापर ३०० युनिटच्या उंबरठ्यावर असेल तर वरचे युनिट पुढच्या, महाग टप्प्यात मोजले जातील. बघून झालं की बंद करायचा, एवढी शिस्त मुलाने पाळायची.

पण मुळात हा बेत तुमच्यासाठी बरोबर आहे का, हे तुम्ही घरी काय बघता यावर ठरतं. महिनाभर कागदावर लिहून ठेवा, रोज संध्याकाळी काय लागलं ते. नव्वद टक्के ओटीटी असेल तर हा कॉम्प्युटर त्यासाठी घेऊ नका. या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम घालावी लागेल, का ते पुढे सांगतो; तिच्यावरच्या ब्राउझरला अनेक ओटीटी सेवा कमी प्रतीचं चित्र देतात, चोरी रोखण्यासाठी त्यांनी तसं ठेवलंय. ते काम तुमच्या टीव्हीतली अॅप्स चांगलं करतात, ती तशीच चालू द्या. कोडीचं खरं काम तुमच्या स्वतःच्या मालकीच्या गोष्टी नीट मांडून दाखवणं: घरचे व्हिडिओ, फोटो, गाण्यांचा संग्रह. कोडी स्वतःबरोबर एकही सिनेमा देत नाही. ‘सगळे चॅनल भरलेला कोडी बॉक्स’ म्हणून जे विकलं जातं ते चोरीचं असतं, कोडी बनवणारे लोक स्वतः त्याविरुद्ध बोलत आले आहेत. कोणी स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नका. कोणाचं काय भरलंय माहीत नसलेला डबा आपल्या वाय-फायला जोडायचा, त्याच वाय-फायवर तुमचं मोबाइल बँकिंग चालतं.

आता डीव्हीडी. इथे मी थोडा रेंगाळणार आहे.

घरी किंवा दुकानात राइट केलेली डीव्हीडी कायमची नसते. तिच्या रंगद्रव्याच्या थरावर माहिती असते, तो थर उतरत जातो, आणि मुंबईच्या दमट हवेत प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेल्या तबकड्यांवर बुरशीचे डाग येतात. माझ्या वडिलांच्या षष्ट्यब्दीची एकच डीव्हीडी होती. आई गेल्यावर आम्ही ती लावायला काढली तेव्हा तिसऱ्या मिनिटाला चित्र थिजलं ते थिजलंच. आईचा आवाज त्यात होता. तुमच्याकडे अशा साठ-सत्तर आहेत. त्या वाचवायला पैसे फारसे लागत नाहीत, लागतो तो वेळ.

इथेच पलंगाखालचा कॉम्प्युटर कामाला येतो. २०१७ च्या कॅबिनेटमध्ये बहुतेक डीव्हीडी ड्राइव्ह असतो, आजच्या लॅपटॉपमध्ये तो मिळत नाही. साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात, म्हणजे ७० तबकड्या सव्वातीनशे जीबीत बसतील, दोन टीबीची डिस्क पुरून उरेल. एका तबकडीला वीस मिनिटं धरली तर सगळ्या मिळून तेवीस-चोवीस तास, रोज तीन केल्या तर महिना. ज्या अडखळतील त्यांच्यासाठी डीडीरेस्क्यू नावाचं मोफत साधन आहे. ते आधी वाचता येईल तेवढं वाचून घेतं आणि मग खराब जागांकडे पुन्हा पुन्हा परत येतं. डाग असलेली तबकडी मधून बाहेरच्या कडेकडे सरळ पुसायची, गोल गोल नाही.

दोन हार्ड डिस्क मी का लिहिल्या, तेही सांगतो. एक घरी, दुसरी बहिणीकडे किंवा माहेरी. डिस्कही मरते, आणि घर बदलताना खोका हरवूही शकतो. पैसे कमी पडले तर स्पीकर वगळा, एसएसडी वगळा, पण दुसरी डिस्क वगळू नका.

मुलाला दोन गोष्टी सांगा. पहिली, एक रुपयाही खर्च करण्याआधी पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट, म्हणजे लिनक्सची एक सोपी आवृत्ती, घेऊन त्यावरून कॉम्प्युटर चालू करून बघायचा. असं केल्याने आतल्या हार्ड डिस्कला हात लागत नाही. टीव्हीला जोडून चित्र, आवाज, वाय-फाय नीट येतंय का ते आठवडाभर तपासायचं. तसाही विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि २०१७ च्या बहुतेक मशीनना विंडोज ११ अधिकृतपणे मिळत नाही, त्यामुळे लिनक्स हाच त्या कॉम्प्युटरचा पुढचा मार्ग आहे. दुसरी, कोडी सिनेमांची माहिती इंटरनेटवरून शोधून आणतं. घरच्या व्हिडिओंसाठी ते बंद ठेवायचं, नाहीतर आत्याच्या लग्नाला भलत्याच सिनेमाचं पोस्टर लागतं. फोल्डरला साधी नावं द्यायची, ‘२००९ मे मुंज’ अशी. मग आजीलाही सापडेल.

यजमानांची एक तक्रार रास्त ठरेल, तीही आधीच सांगून ठेवतो. टीव्हीच्या रिमोटने साधा कॉम्प्युटर सहसा चालत नाही. मोबाइलवर कोडीचं मोफत रिमोट अॅप घ्या किंवा तो छोटा कीबोर्ड वापरा. सवय व्हायला आठवडा जातो. तो साउंडबारचा धडधडाट मात्र यात मिळणार नाही. खरं सांगायचं तर तुमच्या आताच्या खोलीत, पातळ भिंतींपलीकडे शेजारी असताना, तो कितपत लावता येईल याचीही मला शंका आहे.

त्यांची हौस मी मोडत नाहीये. मोठा टीव्ही घ्या, पण पुनर्विकासानंतरच्या नव्या घरात गेल्यावर. हॉल केवढा आहे, भिंत कुठली, सोफा किती अंतरावर, हे आज माहीत नाही. आज भिंतीला टांगलेला ५५ इंची टीव्ही पुढच्या तीन-चार वर्षांत दोनदा उतरवून दोनदा टांगावा लागेल. ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा घाई केली नाही म्हणून फार काही हातचं जात नाही. मुलीची बारावी झाली की महिन्याला तीन हजारांचं रिकरिंग सुरू करा आणि त्याला ‘ह्यांचा टीव्ही’ असंच नाव द्या. तीन वर्षांत एक लाख आठ हजार अधिक व्याज होईल, आणि रोख हातात घेऊन दुकानदाराशी बोलता येईल.

कोडी वर्षभर नीट चाललं तर त्या प्रकल्पाला पाचशे रुपये देणगी द्या. मी दरवर्षी देतो.

आणि येत्या रविवारी, कॉम्प्युटर पलंगाखालून निघायच्याही आधी, सगळ्या डीव्हीडी टेबलावर काढून सासूबाईंना शेजारी बसवा. कुठल्या तबकडीत कोण आहे हे त्यांनाच माहीत असेल. ते वहीत लिहून घ्या, आणि सगळ्यात जुनी तबकडी सगळ्यात आधी कॉपी करा.