वाचकांचे प्रश्न : अर्ली अ‍ॅक्सेसमधली गोष्ट नंतर का बदलते?

प्रश्न : 'बाल्डर्स गेट 3' हा रोल-प्लेइंग गेम मी 2020 साली अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये विकत घेतला होता, म्हणजे तो अपुरा असतानाच विक्रीला खुला झाला तेव्हा. त्यात स्वप्नात येऊन भुरळ घालणारी एक व्यक्ती होती. पूर्ण गेम हाती आला तेव्हा ती गायब झाली होती आणि तिच्या जागी एक 'रक्षक' आला होता. विल हे पात्र तर ओळखूही येईना. पैसे मोजून घेतलेली गोष्ट कंपनीने परस्पर का बदलावी? — एक वाचक, नाशिक

उत्तर : आपण पैसे मोजले ते पूर्ण गोष्टीसाठी, पण हाती आला होता तो तिचा केवळ पहिला अंक. बेल्जियममधील घेंट शहरातल्या लॅरियन स्टुडिओजने हा अंक 6 ऑक्टोबर 2020 रोजी खुला केला आणि संगणकावरचा पूर्ण गेम 3 ऑगस्ट 2023 रोजी आणला. मधल्या काळात पुढचे दोन अंक आकाराला येत होते, आणि शेवट पक्का होत गेला की सुरुवातीची डागडुजी करावीच लागते.

स्वप्नाचेच पाहू. अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये पात्र घडवतानाच 'तुम्ही कोणाचे स्वप्न पाहता?' असे विचारले जाई आणि कथेच्या सुरुवातीलाच नायकाच्या डोक्यात शिरलेल्या किड्याची शक्ती वापरली की ती व्यक्ती स्वप्नात येऊन आणखी मोह घाली. यात दोन अडचणी होत्या. जो खेळाडू सावधपणे ती शक्ती वापरतच नसे, त्याच्या वाट्याला हा धागा येतच नसे. आणि ज्याच्या वाट्याला येई, त्याला तिचा पहिल्या भेटीतच संशय येई. पूर्ण गेममधला रक्षक मात्र सर्वांच्याच स्वप्नात येतो, आपणच खेळाडूचा जीव वाचवल्याचे सांगतो आणि विश्वास मिळवतो. (ज्यांनी गेम अजून खेळलेला नाही, त्यांनी पुढचे वाक्य गाळावे.) तो प्रत्यक्षात कोण आहे हे उघड झाल्यावर खेळाडूला जो धक्का बसतो आणि तिसऱ्या अंकात जो निर्णय घ्यावा लागतो, त्याला आधी जडलेला विश्वास हाच आधार आहे. जुने स्वप्न अधिक गूढ होते, हे आम्हालाही मान्य आहे; पण त्याच्यावर तिसऱ्या अंकाचा भार पेलला नसता.

विलच्या बाबतीत मात्र आपली तक्रार रास्त वाटते. आधीचा विल गॉब्लिन नावाच्या दुष्ट जमातीवरच्या सुडाने पेटलेला होता आणि ज्या सैतानी स्त्रीशी त्याचा करार झाला होता त्या मिझोराचा शोध घेत होता. नंतरचा विल तिच्याच हुकमाने कार्लाक या योद्धा स्त्रीची शिकार करायला निघतो आणि बाल्डर्स गेट शहराच्या राजकारणाशी वडिलांमुळे जोडला जातो. त्यामुळे कथानकाची वीण घट्ट झाली, परंतु इतर सोबत्यांच्या (खेळाडूबरोबर प्रवास करणाऱ्या पात्रांच्या) तुलनेत त्याच्या वाट्याला येणारा मजकूर तोकडा वाटतो. या गेममध्ये प्रत्येक संवाद ध्वनिमुद्रित असल्यामुळे असे पुनर्लेखन फार खर्चिक ठरते. विलचा तर आवाज देणारा अभिनेताच बदलला.

काही बदल खेळाडूंच्या आग्रहातूनही झाले. सुरुवातीची शॅडोहार्ट ही सोबती फारच तुसडी वाटते अशी ओरड झाल्यावर तिचा सूर मवाळ करण्यात आला, आणि हालसिन या दुय्यम पात्रावर लोकांचा जीव जडल्यामुळे त्याला सोबत्याचे स्थान मिळाले.

मात्र खेळाडूंच्या तक्रारींतून घासूनपुसून निघाला तो पहिला अंकच. शेवट कोणी आधी खेळलेलाच नसल्याने तो घाईत उरकल्यासारखा वाटतो असे अनेकांनी म्हटले, आणि कथा संपल्यावर सहा महिन्यांनी सर्व सोबती पुन्हा भेटतात तो उपसंहार नोव्हेंबर 2023 मधील पॅचने (सुधारणांच्या अपडेटने) जोडावा लागला. याच कंपनीच्या 'डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन 2' या 2017 च्या गेममध्येही शेवटच्या आर्क्स शहरातील भाग पुढच्या वर्षीच्या सुधारित आवृत्तीत बराचसा नव्याने लिहिला गेला होता. 'हेडीस' या गेमच्या निर्मात्यांनी, म्हणजे सुपरजायंट गेम्सने, वेगळा मार्ग निवडला : डिसेंबर 2018 पासून गेम खुला असूनही कथेचा शेवट त्यांनी सप्टेंबर 2020 पर्यंत राखून ठेवला. पाताळातून पुन्हा पुन्हा निसटण्याचा प्रयत्न करायचा, अशी त्याची रचनाच असल्याने ती उणीव फारशी खटकली नाही.

राहिला पैशांचा मुद्दा. आज जसा आहे तसा गेम आवडत नसेल तर थांबा, असे स्टीम हे गेम विकणारे संकेतस्थळ अशा अपुऱ्या गेमच्या खरेदीच्या पानावरच सांगते. ज्याला मुख्यत्वे गोष्टीसाठी खेळायचे आहे, त्याने ते शब्दशः घ्यावे. लढाईचे डावपेच शिकण्यात ज्याला रस आहे, त्याचे लवकर घेतल्याने काही बिघडत नाही.

प्रश्न : अर्ली अ‍ॅक्सेसमधील सेव्ह फाइल (खेळातली प्रगती साठवणारी फाइल) पूर्ण गेममध्ये चालते का? — एक वाचक, पणजी

उत्तर : प्रत्येक गेमचे धोरण वेगळे असते. 'बाल्डर्स गेट 3'मध्ये ती चालत नव्हती. जुन्या सेव्ह फाइल काढून टाकून गेम नव्याने इन्स्टॉल करा, असेच कंपनीने सुचवले होते. कथेत एवढी उलथापालथ झाल्यावर जुन्या निर्णयांना नव्या गोष्टीत जागाच उरली नव्हती.