श्टाइनचा स्टोन, मग वाइनचा वोन का नाही?

प्रश्न असा आला आहे: जर्मनमधला श्टाइन म्हणजे दगड, इंग्रजीत स्टोन. बाइनचा बोन, हाइमचा होम. मग वाइन मात्र इंग्रजीतही वाइनच कशी?

चकवा जर्मननं घातला आहे, इंग्रजीनं नव्हे. आज जर्मनमध्ये या सगळ्या शब्दांत एकच 'आइ' ऐकू येतो, पण तिथे पूर्वी दोन वेगळे स्वर नांदत होते. हजारेक वर्षांपूर्वी दगड होता 'स्टेइन', आणि द्राक्षाची दारू होती 'वीन', दीर्घ ईची, लॅटिन 'वीनुम'वरून आलेली. बाराव्या शतकाच्या सुमारास आग्नेयेकडच्या बोलींत हा दीर्घ ई फुटून 'आइ' व्हायला लागला. ते वळण पसरत गेलं आणि प्रमाण जर्मनमध्ये दोन्ही स्वर एक झाले. आपण बोलताना श आणि ष एक करून टाकले तसंच. फक्त आपण लिहिताना ते वेगळे ठेवले, जर्मननं तेही ठेवले नाहीत.

बोलींनी मात्र फरक जपलाय. स्विस जर्मनमध्ये अजून 'वी' आणि 'श्टेइ' म्हणतात, बव्हेरियात 'वाइन' पण 'श्टोआ'.

इंग्रजीत हे दोन स्वर कधी एकत्र आलेच नाहीत. जुन्या इंग्रजीतला दगड 'स्तान'. त्यातला दीर्घ आ पुढे ओठ गोल करून ओकडे गेला. (स्कॉटलंडमध्ये तो गोल झाला नाही, म्हणून तिकडे 'स्टेन', 'हेम'.) 'वीन'मधला ई मात्र साधारण १४०० ते १७०० या काळातल्या मोठ्या स्वरबदलात 'आइ' झाला. म्हणजे दोन्ही वाइन आज सारख्या दिसतात त्या बदलल्या नाहीत म्हणून नव्हे. दोघी आपापल्या वाटेनं तिथेच पोचल्या.

माझी आवडती जोडी इंग्रजीच्याच घरातली: राइड आणि त्याचा भूतकाळ रोड. जुनी रूपं 'रीदान' आणि 'राद'. एकाच क्रियापदात दोन्ही स्वर! रस्ता या अर्थाचा रोडसुद्धा याच 'राद'मधून आला. आधी त्याचा अर्थ होता घोड्यावरून जाणं.

बाइनबद्दल जाता जाता: आजच्या जर्मनमध्ये त्याचा नेहमीचा अर्थ पाय. जुनं हाड 'एल्फेनबाइन'मध्ये, म्हणजे हस्तिदंतात, शिल्लक आहे.

आता कुणी विचारेल, जर्मन टाइलचा (म्हणजे हिस्सा) इंग्रजीत डील आणि हाइलेनचा (म्हणजे बरं करणं) हील कसा? हे शब्द श्टाइनच्याच गटातले, पण त्यांच्या पुढच्या अक्षरात पूर्वी इ किंवा य होता. त्यानं इंग्रजीतल्या आधीच्या 'आ'ला तोंडात पुढे ओढलं, तो 'ॲ' झाला आणि शेवटी ई. जिथे ही ओढ नव्हती तिथे आचा ओ नेहमीसारखाच झाला: हाइल म्हणजे धडधाकट, इंग्रजीत 'होल', अखंड. त्याच्या स्पेलिंगमधला डब्ल्यू नंतर चिकटलेला आहे, त्याला यात धरू नका.